नोकरी, मुलं आणि धावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दोन मुलांची आई आहे, पूर्णवेळ नोकरी करते आणि अकरा वर्षं धावते आहे. थोरली पोटात असताना आणि धाकट्याच्या वेळी मोठे खंड पडले, ते सोडले तर धावणं सुटलेलं नाही. नव्याने सुरू करणारे आईबाबा मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

दिवसभरात वेळच मिळत नाही. मग धावायचं कधी?

वेळ मिळत नाही, हे अगदी खरं आहे. "कामं आटोपली की जाईन" असं ठरवलं तर जाणं होतच नाही, कारण लहान मुलं असलेल्या घरात कामं आटोपत नाहीत. भांडी होईतो कपड्यांचं मशीन थांबलेलं असतं, कपडे वाळत घालेपर्यंत कुणाचा तरी गृहपाठ राहिल्याचं लक्षात येतं. मग रात्री साडेनऊला जो वेळ हाती येतो, त्यात अंगात काहीच उरलेलं नसतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. आईबापांचा धावण्याचा वेळ नेहमी कुणीतरी दिलेला असतो. नवऱ्याने, बायकोने, आजी-आजोबांनी, शेजारणीने, नाहीतर आपल्याच झोपेने. तेव्हा तो स्पष्टपणे मागावा, घड्याळ लावून वापरावा आणि ज्याच्याकडून घेतला त्याला परत करावा. पुढची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

करायचं काय, तर रविवारी रात्री एक कागद घ्या आणि त्यावर सात रकाने आखा. दोघांच्या कामाच्या वेळा, येण्या-जाण्याचा वेळ, शाळेची ने-आण, स्वयंपाक, मुलांची झोपायची वेळ, सगळं भरा. मग बघा, मुलांजवळ एक मोठं माणूस आहे आणि दुसरं मोकळं आहे, अशा जागा कुठे आहेत. बहुतेक घरांत अर्ध्या-पाऊण तासाच्या तीन-चार जागा निघतात. त्यातल्या दोन पक्क्या करा, तिसरी राखीव ठेवा. आमचा कागद फ्रिजवर असतो. माझ्या दोन जागा त्यावर निळ्या पेनाने लिहिलेल्या असतात, नवऱ्याच्या पोहण्याच्या दोन जागा हिरव्या. पेन वेगळं असल्यामुळे एका नजरेत दिसतं की या आठवड्यात कुणाला कमी मिळालं.

आठवड्यातून किती वेळा धावलं तर त्याला नियमित म्हणायचं?

तीन वेळा धावलात तर उत्तम. दोनदा जमलं तरी मी त्याला नियमितच म्हणेन.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. धावणं जोरकस व्यायामात मोडतं. म्हणजे पंचवीस मिनिटं तीनदा धावलात की किमान मर्यादा गाठली. आधीच्या शिफारशींत एका वेळी निदान दहा मिनिटं सलग व्यायाम हवा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. तुकड्यातुकड्यांत जगणाऱ्या पालकांना ही चांगली बातमी आहे.

दोन दिवसांचं म्हणाल तर रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं काम मला फार उपयोगी पडलं. आठवड्याला सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं अशी दहा आठवडे तयारी केलेल्या लोकांचे काहींचे दिवस त्याने कमी केले, काहींची मिनिटं. आठवड्याला दोनच दिवस व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पुढचे पंधरा आठवडे टिकून राहिली. रोजची फक्त तेरा मिनिटं ठेवलेल्यांचीही टिकली, मात्र लांब वेळ तग धरण्याची ताकद त्यांच्यात घटली. अट एकच होती, जोर कमी करायचा नाही. ज्यांनी जोर कमी केला त्यांची कमावलेली क्षमता गेली. म्हणून वर्षअखेरीच्या कामाच्या गर्दीत किंवा मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत मी दिवस कमी करते, मिनिटंही कमी करते, पण त्यातली काही मिनिटं धाप लागेल अशी धावते.

हातात फक्त वीस मिनिटं आहेत. तेवढ्यासाठी कपडे बदलायचे?

हो, बदला.

२०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५५ हजारांहून जास्त प्रौढांची माहिती तपासली होती. त्यांचा मागोवा सरासरी पंधरा वर्षं घेतला होता. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तेही सावकाश धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचं आणि हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, धावणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. तरीही "वीस मिनिटांनी काय होणार" या शंकेला एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

माझी वीस मिनिटं अशी जातात: पहिली पाच मिनिटं भरभर चालणं आणि हळू पळणं. मग एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, असं पाच वेळा. उरलेली पाच मिनिटं हळूहळू घराकडे. अगदी नवे असाल तर जोरात धावण्याच्या जागी साधं पळा आणि हळूच्या जागी चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग ठेवलात की पहिल्या दोन महिन्यांना तेवढा पुरतो.

सकाळी धावावं, दुपारी की रात्री?

मूल किती मोठं आहे यावर ते ठरतं.

सकाळचा मोठा फायदा असा की त्या वेळात मध्ये घुसायला कुणी जागं नसतं. पण सकाळची तयारी आदल्या रात्रीच होते. कपडे, मोजे, पाण्याची बाटली, किल्ली सगळं एका जागी, आणि ती जागा झोपायच्या खोलीबाहेर. माझं सामान न्हाणीघराच्या दाराशी एका टोपलीत असतं. कपाट उघडताना कुरकुरतं आणि धाकटा त्या आवाजाने उठतो, हे दोन सकाळी वाया गेल्यावर समजलं. किल्लीला रुमाल गुंडाळते, खुळखुळू नये म्हणून. दार ओढून घेताना कडी आधी बोटाने धरायची आणि मग सावकाश सोडायची. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण आमच्या घरात धावणं होणार की नाही हे कैकदा त्या कडीच्या आवाजावर ठरलं आहे.

दुपारच्या सुट्टीत धावणं हा पर्याय लोक उगाच सोडून देतात. तो वेळ ना घरातून घेतलेला असतो, ना झोपेतून. कामाच्या ठिकाणी अंघोळीची सोय नसेल तर वेग कमी ठेवायचा, ओला टॉवेल आणि बदलायचे कपडे सोबत न्यायचे. आठवड्यातून एकदा चालून जातं. ज्या दिवशी दुपारनंतर महत्त्वाची बैठक असेल तो दिवस मात्र टाळा. नजर घड्याळावर ठेवून धावण्यात काही सुख नाही.

रात्री धावलं की झोप येत नाही, असं अनेकांना वाटतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडते असं एकंदरीत दिसलं नाही. झोपण्याच्या आधीच्या तासाभरात संपणारा जोरकस व्यायाम तेवढा त्रासाचा ठरू शकतो. मुलं आठला झोपत असतील आणि तुम्ही अकराला, तर साडेआठला बिनधास्त निघा. अंधारात उठून दिसतील असे कपडे आणि दिवा मात्र हवाच, आणि कानात गाणी नकोत.

बाळ रात्री तीनदा उठतं. तरी पहाटे उठून धावू का?

नको. झोपा.

प्रौढ माणसाला सात किंवा त्याहून अधिक तास झोप लागते, आणि ती कमी पडत असेल तर धावण्याचा फायदा अंगी लागायला शरीराला उसंत मिळत नाही. अशा काळात दिवसा बाळाला घेऊन चाला. धावणं कुठे जात नाही. माझ्या मैत्रिणी या काळात स्वतःवर फार कठोर होतात आणि ते बघून मला वाईट वाटतं. माझा नियम सोपा आहे: तुकडे जोडूनही सहा तास झोप झाली नसेल तर गजर बंद. हे सहा तास मी अनुभवाने ठरवलेत, तुमचा आकडा तुम्ही ठरवा.

बाळंतपणानंतर धावायला कधी सुरुवात करावी?

सहा आठवड्यांच्या तपासणीत "सगळं ठीक आहे" म्हटलं की त्याच संध्याकाळी बूट घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. थोरलीच्या वेळी मीही तेच केलं. त्या तपासणीत बहुतेकदा जखम भरली का, रक्तस्राव थांबला का, एवढंच पाहिलं जातं. धावण्याचे धक्के सोसायला शरीर तयार आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार जमिनीकडून परत येतो. तो सांभाळायला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे पेल्विक फ्लोअर, लागतात आणि गरोदरपणात नेमके तेच ताणलेले असतात. सिझेरियन झालं असेल तरी नऊ महिन्यांचा भार त्यांनी उचललेलाच असतो, शिवाय पोटावरची जखम.

ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी २०१९ साली यावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात साधारण तीन महिन्यांच्या आधी धावणं सुरू करू नये असं सांगितलं आहे, आणि तीन महिन्यांनंतरही आधी शरीराची परीक्षा घ्यायला सांगितलं आहे. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी एक मिनिट पळणं, प्रत्येक पायावर दहा लंगड्या उड्या अशा त्यातल्या काही पायऱ्या आहेत. हे करताना दुखलं, लघवीचे थेंब गेले किंवा खाली काहीतरी ओढल्यासारखं, जड वाटलं, तर थांबायचं आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं.

थेंब जाण्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण याबद्दल कुजबुजण्यापलीकडे कुणी बोलत नाही. "मुलं झाल्यावर असं होतंच" हे मलाही सांगितलं गेलं आणि मी दीड वर्ष गडद रंगाचे कपडे घालून धावत राहिले. पुष्कळ जणींना होतं हे खरं, पण ते निमूट सोसायची गरज नाही. व्यवस्थित शिकवलेल्या व्यायामाने बहुतेक जणींना चांगला फरक पडतो. मला साधारण चार महिने लागले. धाकट्याच्या वेळी मी तीन नाही, पाच महिने थांबले आणि तो त्रास परत आला नाही.

अंगावर पाजत असताना धावलं तर दूध कमी होतं का?

बेताच्या व्यायामाने दुधाचं प्रमाण किंवा बाळाची वाढ कमी होत नाही. निघण्याआधी बाळाला पाजा, म्हणजे तुम्हालाही हलकं वाटेल. नीट आधार देणारी ब्रा घाला, तहान लागेल तसं पाणी प्या आणि भूक लागली की खा.

बाळाला गाडीत बसवून धावता येतं का?

येतं, पण साधी बाबागाडी चालत नाही. धावण्यासाठीच बनवलेली गाडी लागते: तीन मोठी हवा भरलेली चाकं, पुढचं चाक सरळ पक्कं करण्याची सोय, हाताचा ब्रेक, मनगटाला बांधायचा पट्टा आणि बाळासाठी पाच ठिकाणी अडकणारे पट्टे. बाळाची मान पक्की धरलेली असायला हवी. किमान सहा महिने पूर्ण व्हावेत असं सर्वसाधारणपणे सांगतात, काही कंपन्या आठ महिने सांगतात. गाडीसोबतची पुस्तिका वाचा आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

रस्ता गुळगुळीत आणि रहदारीपासून लांब हवा. दोन्ही हातांनी गाडी धरून धावलं की खांदे आखडतात, म्हणून दर काही मिनिटांनी हात बदला. वेग कमी होणारच. बाळ धावत नसतं, त्यामुळे तुम्हाला घाम आलेला असला तरी त्याला थंडी वाजत असू शकते. दर थोड्या वेळाने थांबून त्याचे हात-पाय लावून बघा.

जोडीदाराशी यावर वाद होतात. कसं सांगायचं?

सगळ्यात जास्त घरं इथे अडतात. धावायला जाण्याचे वाद सहसा धावण्यावरून नसतातच. आपल्या वेळेची किंमत समोरच्याला आहे की नाही, यावरून ते होतात.

आधी खरा हिशोब मांडा. "पाऊण तास जाऊन येते" असं आपण म्हणतो. कपडे शोधणं, निघणं, परत येऊन दारात उभं राहून मोबाइल पाहणं, अंघोळ, मग खाणं, हे धरून तो पावणेदोन तास होतो. घरात दोन मुलांना सांभाळणारं माणूस ते पावणेदोन तास मोजत असतं. म्हणून सांगताना पूर्ण वेळ सांगा: "साडेसहाला निघते, आठ वाजता अंघोळ करून टेबलावर असेन." आणि आठला टेबलावर असा. एकदा शब्द पाळला गेला की पुढच्या वेळी मागणं सोपं जातं. मी एकदा सव्वा तास सांगून दोन तासांनी आले. नवरा काहीच बोलला नाही, पण धाकट्याच्या अंगावर आदल्या रात्रीचेच कपडे होते आणि थोरलीची बस चुकली होती. त्या दिवसापासून मी परत फिरायचा गजर लावते. कुठेही असले, कितीही छान वाटत असलं, तरी गजर वाजला की वळायचं.

दुसरी गोष्ट, वेळ परत करा. तुम्हाला तीन तास मिळाले तर जोडीदारालाही तीन तास मिळायला हवेत, आणि त्या वेळात तुम्ही मुलांना पूर्णपणे सांभाळायचं. "दप्तर कुठे आहे", "काय खायला देऊ" असे फोन करायचे नाहीत. त्या तीन तासांत जोडीदाराने पोहावं, वाचावं, मित्रांकडे जावं किंवा नुसतं पडून राहावं. तो वेळ कशासाठी, हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही.

तिसरं जरा कटू आहे. अनेक घरांत वडील "मी धावायला चाललो" म्हणतात आणि आई "मी जाऊ का?" असं विचारते. एक जण कळवतो, दुसरी परवानगी मागते. घरात गडबड झाली की आधी कुणाचं धावणं रद्द होतं, हे आपापल्या घरात एक महिना नोंदवून पाहा. बाबा लोकांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या आठवड्याचा कागद भरताना आधी तिच्या दोन जागा लिहा, मग स्वतःच्या.

मी एकटीच मूल वाढवते. माझ्यासाठी काय मार्ग?

वर लिहिलेलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही, हे मला ठाऊक आहे. मला जे मार्ग खरोखर चालताना दिसले ते सांगते.

मुलाचा खेळाचा किंवा पोहण्याचा वर्ग असतो, तेव्हा बहुतेक पालक बाकावर बसून मोबाइल बघतात. तो पाऊण तास तुमचा आहे. मैदानाभोवती, मुलाच्या नजरेच्या टप्प्यात फेऱ्या मारा. सुरुवातीला लोक बघतात, तिसऱ्या आठवड्यापासून एखादी आई येऊन सोबत चालू लागते. दुसरा मार्ग अदलाबदलीचा: मंगळवारी तिची मुलं तुमच्याकडे, गुरुवारी तुमचं मूल तिच्याकडे. पैशांचा प्रश्न येत नाही आणि मुलांना सोबत मिळते. तिसरा मार्ग घरातच. मूल झोपल्यावर जागच्या जागी पळणं, दोरीवरच्या उड्या, एखादी पायरी चढणं-उतरणं, शक्य असेल तर ट्रेडमिल. धावण्याची मजा त्यात नाही, पण दमसास टिकतो.

लहान मुलाला घरात एकटं झोपलेलं सोडून "इथेच खाली दहा मिनिटं" जाऊ नका. मोह होतो हे समजतं, तरीही नाही.

मूल आजारी पडलं, मग कामाचा दौरा आला. तीन आठवडे बुडाले. आता पुन्हा पहिल्यापासून?

नाही. १९८४ साली चांगली तयारी असलेल्या लोकांना व्यायाम पूर्ण थांबवायला लावून एक प्रयोग झाला होता. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण ७ टक्के घटली, आठ आठवड्यांनी घट १६ टक्क्यांच्या आसपास होती. तीन आठवड्यांनी धाप लवकर लागेल, पाय जड वाटतील, पण बरंच काही शिल्लक असतं. सवयीचंही तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या २०१० च्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या वर. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

खरा धोका बुडालेलं भरून काढण्यात आहे. थोरलीला कांजिण्या झाल्या तेव्हा माझं धावणं सोळा दिवस बंद होतं. ती शाळेत जायला लागली त्याच आठवड्यात मी सलग पाच दिवस धावले, मागचं सगळं वसूल करायचं म्हणून. सहाव्या दिवशी जिना उतरताना उजव्या नडगीत, आतल्या बाजूला, बोट ठेवता येईल अशा एका ठिकाणी कळ आली. हाडाला बारीक चीर पडायच्या बेतात होती. पुढचे सात आठवडे मी फक्त चालले. सोळा दिवसांच्या जागी पासष्ट दिवस गेले.

आता मी पहिला आठवडा नेहमीच्या निम्म्याने धावते, दुसरा पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ववत. बुडालेली धाव पुढच्या दिवसात ढकलत नाही, ती खोडते आणि पुढे जाते.

कामावरून येईपर्यंत अंगात त्राण राहत नाही. हा आळस आहे का?

आळस नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून आलेला थकवा बराचसा डोक्याचा असतो, पायांचा नाही. बूट घाला, दहा मिनिटं पळा, आणि तरी नको वाटलं तर मनात काही न ठेवता घरी या. मी दहापैकी दोनदा परत येते. आणखी एक, घरात शिरून सोफ्यावर टेकलं की संपलं. धावायचे कपडे कामाच्या पिशवीत ठेवा आणि वाटेतच बदला.

मुलांना सोडून गेल्यावर मन टोचतं. त्याचं काय करू?

थोरली तीन वर्षांची असताना मी निघाले की ती खिडकीच्या गजांना धरून रडायची. कोपऱ्यापर्यंत आवाज यायचा. काही आठवडे मी चोरून, ती दुसऱ्या खोलीत असताना निघायचा प्रयत्न केला आणि त्याने प्रकरण जास्तच बिघडलं, कारण मग मी न्हाणीघरात गेले तरी ती दार वाजवायला लागली. शेवटी तिला मी माझे बूट आणून द्यायचं काम दिलं. ती एकेक बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून आणायची, मी नाडी बांधायचे, ती गाठीवर बोट दाबून धरायची. मग घड्याळाचा मोठा काटा कुठे आला की आई येणार, ते दाखवून मी निघायचे. रडणं दोन आठवड्यांत थांबलं. माझ्या मनातली टोचणी जायला त्याहून वेळ लागला.

काटा दाखवला त्या वेळी परत येणं, हेच त्यातलं महत्त्वाचं होतं असं मला वाटतं. मुलं जाणं सहन करतात. सांगितलेल्या वेळी न येणं त्यांना सहन होत नाही.

मुलांनाही सोबत न्यावं का?

न्या, पण तो तुमच्या सरावाचा दिवस धरू नका, नाहीतर त्यांच्या प्रत्येक थांबण्यावर तुमचा जीव वर-खाली होईल. मुलं सरळ रेषेत एका वेगाने धावत नाहीत, ती झाडापर्यंत सुसाट पळतात आणि मग मुंगी बघत बसतात. ते तसंच चालू द्या. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी, ती खेळातून झालेली उत्तम. अंतर, वेळ, नंबर यांच्या मागे त्यांना लावू नका.

मॅरेथॉनची तयारी जमेल का?

जमते, पण घराला आधी विचारा. ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीला साधारण सोळा ते अठरा आठवडे, आठवड्याला चार-पाच दिवस आणि सुट्टीच्या दिवशी अडीच-तीन तासांची लांब धाव लागते. त्या धावेनंतरची दुपारही तुम्ही सोफ्यावर असता, तीसुद्धा हिशोबात धरा.

नोकरी करून काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जपानचा युकी कावाउची. शाळेच्या कार्यालयातली पूर्णवेळ सरकारी नोकरी सांभाळून, बहुतेक दिवशी एकदाच सराव करून त्याने २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन भर पावसात, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकली. मला त्यातून वेग घ्यायचा नाही, तो माझ्या आवाक्यात नाहीच. दिवसातून एकदाच मिळणारा वेळ त्याने पुरेसा मानला, एवढं मी घेते. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझा सल्ला पाच किंवा दहा किलोमीटरचा आहे. त्याची तयारी आठवड्याला तीन धावांत होते आणि सुट्टीची दुपार घराला मिळते.

धावण्याशिवाय आणखी काही करायला हवं का?

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. वेगळा वेळ नसेल तर दात घासताना टाचा वर-खाली करा, एका पायावर उभं राहा, मुलं जमिनीवर खेळत असताना तिथेच उठाबशा आणि प्लँक करा. धाकटा माझ्या पाठीवर येऊन बसतो, तेवढं वजन पुरतं.

कोणत्या दिवशी धावूच नये?

ताप असेल, छातीत कफ असेल किंवा अंग मोडून आलं असेल तेव्हा. मुलांकडून आलेली साधी सर्दी, नुसतं नाक वाहणं असेल, तर हळू धावायला हरकत नाही. एकाच ठिकाणी हाडावर दुखत असेल, किंवा धावताना दुखणं वाढत जात असेल, तर थांबा. छातीत दुखणं, चक्कर, धाप लागण्यापलीकडचा दम कोंडल्यासारखा त्रास होत असेल तर धावणं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चाळिशी ओलांडलेली आहे, बरीच वर्षं व्यायाम नाही, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, अशांनी सुरू करण्याआधीच एकदा तपासून घ्यावं. आणि घरात एखाद्याला माहीत असू द्या की तुम्ही कोणत्या वाटेने गेला आहात. मी फ्रिजवरच्या त्याच कागदावर निळ्या पेनाने लिहून जाते: तळ्याकडून, पावणेआठला परत.